मॅटर्निटी ॲक्टची रजा आणि ईएसआयची रजा: आठवडे २६च, पण पैसे कोण देतं?

मावसबहिणीने परवा पगाराच्या स्लिपचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. खाली लिहिलेलं, "ताई, पाचवा लागलाय, ऑफिसवाले म्हणतात कंपनी काही देणार नाही, तुमचं ईएसआयमधून होईल. म्हणजे माझी मॅटर्निटी लीव्ह गेली का?" ती चाकणजवळ पॅकिंगला आहे, पगार १८,०००, आणि कपातीच्या रकान्यात ओळ होती, ईएसआय (म्हणजे कर्मचारी राज्य विमा) १३५. रजा कुठेही गेलेली नाही. ऑफिसवाल्यांनी सांगितलं ते खरंच होतं, फक्त अर्धं सांगितलं आणि पोरगी उगाच दोन दिवस घाबरून बसली.

ही गल्लत खूप जणींची होते. एक आहे १९६१चा मॅटर्निटी बेनिफिट ॲक्ट, त्यात रजेतला पगार मालक स्वतःच्या खिशातून देतो. दुसरी ईएसआय, १९४८च्या कायद्यातली, तिथे महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर आपले ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के एका फंडात जमा होतात आणि बाळंतपणात पैसे त्या फंडातून थेट बाईच्या बँक खात्यात येतात. रजा दोन्हीकडे २६ आठवडे, आधीची दोन मुलं असतील तर १२. पहिल्यात डिलिव्हरीच्या आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं लागतं, ईएसआयमध्ये आधीच्या दोन काँट्रिब्युशन पीरियडमध्ये (वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एका वेळी एकच लागू होतं, दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. आता नोव्हेंबर २०२५पासून हे दोन्ही कायदे सोशल सिक्युरिटी कोड या नव्या एकत्रित कायद्यात गेलेत, पण तिथेही दोघांची प्रकरणं वेगळीच आहेत.

खरा फरक बघायचा तर हिशोब करा. बहिणीच्या नावाने कंपनी महिन्याला ५८५ भरते, आणि तिच्या शेजारी लाइनवर उभ्या असलेल्या त्याच पगाराच्या दादाच्या नावानेही ५८५च भरते, म्हणजे बाई ठेवली म्हणून कंपनीला एक रुपयाही जास्त पडत नाही. आता तिच्याच ऑफिसात ३०,००० पगाराची कोणी असेल तर ती ईएसआयच्या बाहेर, मग सहा महिन्यांचे साधारण १,८०,००० कंपनीचे, वर तिच्या जागी बदली माणूस घ्यायचा तो वेगळाच. मुलाखतीत "लग्नाचं काय ठरलंय" असं विचारतात ना, त्या प्रश्नामागे हाच हिशोब असतो, आणि मला तो प्रश्न दोनदा विचारला गेलाय म्हणून सांगते, त्याने किती अपमान वाटतो ते.

मॅटर्निटी ॲक्टच्या रजेचे १२चे २६ आठवडे करणारं बिल ११ ऑगस्ट २०१६ला राज्यसभेत आणि ९ मार्च २०१७ला लोकसभेत पास झालं. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध मिळावं हे आरोग्याचं कारण पक्कं होतं, त्यावर कोणाचं दुमत असायचं कारणच नाही. पण मालक बायकांना घेणंच टाळतील ही भीती तेव्हाही बोलली गेली, बापाच्या रजेचा विषयही निघाला, आणि तरी पगाराचा भार मालकावरच राहिला. पुढे २०१८मध्ये श्रम मंत्रालयानेच सांगितलं की मालकांना ७ आठवड्यांचा पगार परत देण्याच्या योजनेवर काम चालू आहे, म्हणजे अडचण सरकारलाही दिसत होती. आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७मध्ये पितृत्व रजेचं खासगी बिल (सरकारने नाही, खासदाराने स्वतः मांडलेलं) आणलं होतं, त्यात कामगार, मालक आणि केंद्र सरकार तिघांनी मिळून फंड करायचा अशी कल्पना होती. मला ती फार पटते, पण खासगी बिलांचं सहसा होतं तेच तिचंही झालं, कायदा काही झाला नाही.

आणि हा वाद काही आजचा नाही. जुलै १९२८मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी आणि कारखान्यातल्या बायकांच्या बाळंतपणाच्या बिलावर डॉ. आंबेडकर बोलले होते. आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्यामुळे हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, पण बायका कामाला ठेवून मालकाचाही फायदा होतोच म्हणून त्यानेही वाटा द्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ला मुंबईचा कायदा झाला तो मात्र मालकानेच द्यायचं असा. ईएसआय ही त्यामानाने आंबेडकरांच्या म्हणण्याच्या जास्त जवळची, कारण भार वाटला जातो, पण २१,०००च्या वरच्या बायका तिच्या बाहेरच.

बहिणीला जुलैत पगारवाढ आहे, २२,००० होईल म्हणतात, म्हणून तिला मुद्दाम सांगितलं की पीरियड एप्रिल ते सप्टेंबर असतो, मध्येच २१,०००च्या वर गेलीस तरी सप्टेंबरपर्यंत तू ईएसआयमध्येच, वर्गणी कापली जातेय ना ते दर महिन्याच्या स्लिपवर बघत जा आणि स्लिपा जपून ठेव. आणि रजेवर असताना कामावरून काढायची भाषा कोणी केली तर ते दोन्ही कायद्यांत चालत नाही. तिने लगेच स्लिपांचे मागच्या आठ महिन्यांचे फोटो पाठवले, एका महिन्यात ओळ दिसत नाहीये, उद्या ते विचारायला जातेय.