भाड्याची लाइन ते वायरगार्ड: ऑफिसच्या व्हीपीएनमागचा इतिहास

दूरची ऑफिसे सामाईक जाळ्यावरून, सहसा इंटरनेटवरून, पण खासगी जाळ्यासारखी जोडण्याची सोय म्हणजे व्हीपीएन (व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क). १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईचे मुख्यालय आणि नाशिकचा कारखाना संगणकांनी जोडायचा तर दूरसंचार खात्याकडून लीज्ड लाइन, म्हणजे दोन ठिकाणांमधली भाड्याची स्वतंत्र लाइन, घ्यावी लागे. भाडे अंतर आणि वेग पाहून ठरे, आणि सेकंदाला ६४ किलोबिटची लाइन म्हणजे तेव्हा चांगलीच मोठी. दहा ऑफिसे एकमेकांशी थेट जोडायला ४५ लाइनी लागतात. तेवढा खर्च परवडत नसे, म्हणून मुख्यालयापासून नऊ लाइनी काढायच्या आणि शाखा-शाखांमधली वाहतूकही मुख्यालयावरूनच फिरवायची, असा रिवाज पडला. एक्स.२५ आणि नंतर फ्रेम रिले ही तंत्रे आली तेव्हा प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र तार देण्याची गरज उरली नाही. टेलिकॉम कंपनीच्या सामाईक जाळ्यात प्रत्येकाचा मार्ग एका क्रमांकाने वेगळा ठेवला जाई. पण लीज्ड लाइन असो की फ्रेम रिले, माहिती उघडीच जात असे. सुरक्षितता एवढ्यावरच उभी होती की त्या तारेपर्यंत पोहोचणारी माणसे मोजकी होती.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी सेवादात्यांना दार उघडले. मग हिशेब बदलला. दोन्ही गावांत स्थानिक इंटरनेट जोडणी घेतली की मधल्या अंतराचे भाडे भरावेच लागत नाही. अडचण होती ती इंटरनेटच्या मूळ घडणीत. आयपी पॅकेट (पत्ता लिहिलेला माहितीचा तुकडा) कोणी पाठवले याची खातरी नसते, वाटेत ते कोणी वाचले किंवा बदलले हेही कळत नाही. संशोधक स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ मध्येच टीसीपी-आयपी या इंटरनेटच्या मूळ नियमसंचातल्या अशा दोषांचा सविस्तर आढावा घेतला होता. बँकांनी तर इंटरनेटवर भिस्त ठेवलीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने १९९९ मध्ये इन्फिनेट उभारले. ते सदस्य बँकांपुरते बंद जाळे होते आणि सुरुवातीला उपग्रहावरच्या व्हीसॅट जोडण्यांवर चालत होते.

पॅकेटच्या आत पॅकेट

१९९३ मध्ये जॉन आयोनिडिस आणि मॅट ब्लेझ यांनी 'स्वाइप' नावाचा प्रोटोकॉल (संगणकांनी एकमेकांशी बोलण्याचे नियम) मांडला. कूटबद्धीकरण (माहिती किल्लीशिवाय वाचता न येईल अशी करणे) प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनमध्ये वेगवेगळे न करता थेट आयपीच्या थरावर करायचे, म्हणजे वरच्या ईमेलला, डेटाबेसला किंवा फाइल सर्व्हरला काही बदलावे लागणार नाही, ही त्यातली मुख्य कल्पना. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने याच दिशेने काम पुढे नेले. ऑगस्ट १९९५ मध्ये आरएफसी (आयईटीएफचे दस्तऐवज) १८२५ ते १८२९ या क्रमांकांनी आयपीसेक या आयपी-थरावरच्या सुरक्षेची पहिली मानके आली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये आरएफसी २४०१ पासूनची सुधारित मालिका. आज दोन ऑफिसांमधला व्हीपीएनचा बोगदा (कूटबद्ध मार्ग) ज्या तत्त्वावर चालतो ते तेव्हाच पक्के झाले.

नाशिकच्या संगणकाने १०.२.०.१५ वरून मुंबईच्या १०.१.०.२० कडे पॅकेट पाठवले, असे समजा. हे खासगी पत्ते आहेत, इंटरनेटवर ते चालतच नाहीत. नाशिकचा गेटवे (ऑफिसचे जाळे इंटरनेटला जोडणारे यंत्र) ते पॅकेट पत्त्यांसकट कूटबद्ध करतो, त्याला क्रमांक आणि छेडछाड ओळखणारा शिक्का लावतो, आणि बाहेरून नवा हेडर (पत्त्याची पट्टी) चढवतो. या हेडरवर फक्त दोन गेटवेंचे सार्वजनिक पत्ते असतात, जसे टपालाच्या थैलीवर फक्त दोन पोस्ट ऑफिसांची नावे असावीत. मधल्या सेवादात्याला आतले काही दिसत नाही, मात्र कोणत्या दोन टोकांमध्ये, कधी आणि किती वाहतूक झाली हे दिसते. व्हीपीएनमुळे तेही लपते असा समज अनेकांचा असतो, तो चुकीचा आहे. पॅकेटवरचा क्रमांकही महत्त्वाचा. कोणी जुने पॅकेट टिपून पुन्हा पाठवले तर त्या क्रमांकामुळे ते टाकून दिले जाते.

कूटबद्ध करण्याच्या किल्ल्या ठरवण्याचे काम आयकेई हा प्रोटोकॉल यूडीपी (पोच न मागता पॅकेट पाठवण्याची रीत) पोर्ट ५०० वरून करतो. पोर्ट म्हणजे एका पत्त्यावरचा सेवेचा क्रमांक. डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये दाखवलेल्या पद्धतीने दोन्ही टोके उघड्या मार्गावर बोलूनही एक गुप्त किल्ली तयार करतात. पहिल्या टप्प्यात टोके एकमेकांची ओळख पटवतात, दुसऱ्यात प्रत्यक्ष वाहतुकीच्या किल्ल्या ठरतात, आणि त्या ठरावीक वेळाने, सहसा एक ते आठ तासांनी, बदलतात. पहिला टप्पा हिरवा, म्हणजे यशस्वी, पण डेटा जात नाही, ही रोजची तक्रार इथूनच येते. एका बाजूने १०.२.०.० चे २४ बिटांचे नेटवर्क लिहिलेले असते, दुसऱ्या बाजूने १६ बिटांचे. आकार जुळत नाहीत, मग काही गेटवे दुसरा टप्पा सरळ नाकारतात. ऑफिसने १९२.१६८.१.० हीच मालिका वापरली तर आणखी पंचाईत, कारण घरोघरच्या राउटरवरही तीच असते. कर्मचाऱ्याचा लॅपटॉप मग ऑफिसचा सर्व्हर आपल्याच घरात शोधत बसतो.

या मानकांना पहिली मोठी कसोटी अमेरिकेच्या वाहन उद्योगात मिळाली. क्रायस्लर, फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्या पुरवठादारांना प्रत्येक कंपनीसाठी वेगळी जोडणी सांभाळावी लागे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस एएनएक्स या सामाईक जाळ्यावर त्यांनी आयपीसेक वापरले, आणि वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी बोलली पाहिजेत हा आग्रह तिथून वाढला.

सोपे, फुकट आणि कच्चे

आयपीसेक अवघड होते. मायक्रोसॉफ्टने काही कंपन्यांच्या साथीने १९९६ मध्ये आणलेला पीपीटीपी हा व्हीपीएन प्रोटोकॉल मात्र विंडोजबरोबर फुकट मिळे आणि सर्व्हरचा पत्ता, नाव, पासवर्ड एवढ्यावर चाले. छोट्या ऑफिसांनी तोच उचलला. १९९८ मध्ये कूटशास्त्रज्ञ ब्रूस श्नायर आणि 'मज' या टोपणनावाचे हॅकर यांनी त्यातले गंभीर दोष दाखवले. पासवर्ड तपासण्याची सुधारित रीत एमएस-चॅप २ आली, पण तिची मांडणीही फसलेली होती. पासवर्डच्या १६ बाइटच्या हॅशला (पासवर्डपासून गणिताने काढलेल्या ठशाला) शून्ये जोडून २१ बाइट केले जात आणि त्यातून डीईएस या जुन्या कूटपद्धतीच्या सात-सात बाइटच्या तीन किल्ल्या काढल्या जात. तिसऱ्या किल्लीत खरे दोनच बाइट, म्हणजे ६५,५३६ शक्यता. उरलेल्या दोन्ही किल्ल्या एकाच मजकुरावर वापरल्यामुळे दोघींचा शोध एकाच फेरीत लागतो. २०१२ मध्ये सुरक्षा-संशोधक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी ही फेरी एका दिवसाच्या आत पूर्ण करणारी सेवाच उभी करून दाखवली. पासवर्ड कितीही लांब ठेवला तरी उपयोग नाही. एखाद्या जुन्या राउटरवर पीपीटीपीचे पोर्ट १७२३ अजून उघडे दिसले तर ते बंदच करावे.

डीईएसची ५६ बिटांची किल्ली तोवर कोसळली होतीच. जुलै १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या यंत्राने ती ५६ तासांत शोधली. त्यातही अमेरिकेबाहेर पाठवायच्या कूटबद्धीकरणाच्या उत्पादनांवर निर्यातबंधने होती, ती जानेवारी २००० मध्ये सैल झाली. आपल्याकडे इंटरनेट सेवादात्यांच्या परवान्यात ४० बिटांपर्यंतच्याच किल्ल्यांचा विनापरवानगी वापर करता येईल, अशी अट होती. व्यापाराला लागणारी सुरक्षितता आणि कागदावरचा नियम यांत एवढे अंतर राहिले, याने भारतीय कंपन्यांचा नाहक गोंधळ झाला. नोव्हेंबर २००१ मध्ये डीईएसच्या जागी एईएस प्रमाणित झाला आणि सायफरचा (कूटपद्धतीचा) प्रश्न बराचसा मिटला.

राउटरच्या आडोशाचा त्रास

घरोघरी ब्रॉडबँड आले आणि एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक संगणक बसू लागले. नॅट करणारा राउटर पॅकेटवरचा पत्ता बदलतो. आयपीसेकचा एएच हा प्रकार पत्त्यावरही शिक्का मारत असल्याने पत्ता बदलला की पॅकेट बाद. ईएसपी या कूटबद्ध करणाऱ्या प्रकाराला पोर्ट क्रमांकच नसल्याने एका घरातून दोघे जोडले गेले तर परतीचे पॅकेट कोणाचे, हे राउटरला कळेना. जानेवारी २००५ च्या आरएफसी ३९४८ ने ईएसपीला यूडीपी पोर्ट ४५०० मध्ये गुंडाळण्याची रीत ठरवून दिली. राउटरने नोंद विसरू नये म्हणून दर २० सेकंदांच्या आसपास एक चिमुकले पॅकेट जात राहते. आज मोबाइल आणि अनेक फायबर जोडण्या सेवादात्याच्याच नॅटमागे असतात. म्हणून दोन शाखा जोडताना किमान एका टोकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मागून घ्यावा लागतो, आणि जोडणीची सुरुवात दुसऱ्या टोकाने करायची असते.

दरम्यान जेम्स योनन यांनी २००१ मध्ये ओपनव्हीपीएन काढले. टीएलएस (सुरक्षित वेबसाइटवर चालणारे कूटबद्धीकरण) वापरून एकाच यूडीपी पोर्टवर, नंतरच्या ११९४ वर, सगळा बोगदा. हॉटेलांचे फायरवॉल अडवू लागले की लोक तो टीसीपी ४४३ वर, म्हणजे सुरक्षित वेबसाइटच्या पोर्टवर, नेतात. चालतो, पण लाइन खराब असेल तर आतला टीसीपी आणि बाहेरचा टीसीपी दोघेही हरवलेले पॅकेट पुन्हा पाठवू लागतात आणि वेग ढासळतो. शक्य तिथे यूडीपीच ठेवावा.

सर्वांत जास्त वेळ खाणारा बिघाड मात्र आकाराचा असतो. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचे, पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची रीत) असलेल्या ब्रॉडबँडवर १४९२. आयपीसेकचे वेष्टन साधारण ५० ते ८० बाइट खाते. पॅकेट मावत नाही तेव्हा वाटेतला राउटर आयसीएमपी या प्रकारच्या सूचना-संदेशाने तसे कळवतो. कोणी 'सुरक्षेसाठी' सगळेच आयसीएमपी अडवले असेल तर तो संदेश पोहोचत नाही. मग बोगद्यातले छोटे पिंग (पोहोच तपासणारे पॅकेट) चालते, लॉगिनचा पडदा येतो, आणि मोठी फाइल किंवा ईआरपीचा अहवाल अर्ध्यावर लटकतो. उपाय असा: तुकडे न करण्याचा पर्याय लावून बोगद्यातून १४७२ बाइटचे पिंग करावे आणि पार जाईपर्यंत आकार कमी करावा. पार गेलेल्या आकारात २८ मिळवले की एमटीयू (मावणारे सर्वांत मोठे पॅकेट), त्यातून ४० वजा केले की गेटवेवर लावायचा टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा).

मार्च १९९९ च्या आरएफसी २५४७ ने एमपीएलएस (टेलिकॉम कंपनीच्याच जाळ्यात पॅकेटला लेबल लावून वळवणे) व्हीपीएनची पद्धत मांडली आणि मोठ्या कंपन्या, बँका तिकडे वळल्या. सेवा चांगली, पण ती फ्रेम रिलेच्याच जातीची. वाहतूक वेगळी ठेवली जाते, कूटबद्ध होत नाही. गोपनीय डेटा असेल तर एमपीएलएसवरूनही आयपीसेक चालवावे.

कुलूप शाबूत, दार उघडे

सायफर सुधारत गेले आणि हल्ले टोकांकडे सरकले. २०१५ च्या लॉगजॅम संशोधनाने दाखवले की किल्ली ठरवताना लाखो सर्व्हर १०२४ बिटांची तीच ती ठरावीक अविभाज्य संख्या वापरतात. प्रचंड खर्च करून सर्वांत रूढ असलेली एक फोडली तर ६६ टक्के व्हीपीएन सर्व्हरची वाहतूक वाचता येईल, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून आयकेईमधला १०२४ बिटांचा गट २ सोडून निदान गट १४ किंवा एलिप्टिक कर्व्हचे गट निवडायचे. आयकेई १ मधला अ‍ॅग्रेसिव्ह मोड सामाईक किल्लीच्या जोडीने वापरू नये, कारण त्यात किल्लीपासून बनलेला हॅश उघडा मिळतो आणि हल्लेखोर निवांत घरी बसून शब्दकोशातले शब्द लावून पाहू शकतो. जेसन डोनेनफेल्ड यांच्या वायरगार्ड या नव्या व्हीपीएन प्रोटोकॉलने हे पर्यायच काढून टाकले. सुमारे ४,००० ओळींचा कोड, सायफर एकच संच, मार्च २०२० पासून लिनक्स कर्नल ५.६ मध्ये समाविष्ट. चुकीचे सेटिंग निवडायला जागाच न ठेवणे हा त्याचा खरा मोठेपणा.

तरीही गेटवे हे इंटरनेटवर उघडे बसलेले यंत्र आहेच. पल्स सिक्युअरच्या व्हीपीएन उपकरणांतल्या २०१९ च्या दोषात लॉगिन न करताच आतल्या फाइली वाचता येत. फोर्टिनेटच्या एसएसएल व्हीपीएनमधल्या तशाच दोषातून पासवर्ड उघडे सापडत. त्याचा पॅच (दुरुस्ती) मे २०१९ मध्येच आला होता, तरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ८७,००० उपकरणांची लॉगिने बाहेर पसरली. बऱ्याच ठिकाणी पॅच लावला होता, पण त्याआधी चोरीला गेलेले पासवर्ड बदललेच नव्हते. मे २०२१ मध्ये अमेरिकेची कोलोनियल पाइपलाइन बंद ठेवावी लागली तेव्हा शिरकाव झाला होता एका वापरात नसलेल्या पण चालू राहिलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्यावर दुसरी ओळखपडताळणी नव्हती. या सर्व घटनांत वाटेतले कूटबद्धीकरण कोणी फोडले नाही.

भारतातल्या आयटी आणि बीपीओ कंपन्यांना टाळेबंदीपर्यंत नियमांचाही अडसर होता. घरून काम करू द्यायचे तर सेवादात्याने पुरवलेले व्हीपीएन आणि बँक हमी लागे. दूरसंचार विभागाने मार्च २०२० मध्ये ती अट तात्पुरती शिथिल केली आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत बँक हमी, स्थिर आयपी पत्त्याची सक्ती वगैरे काढून टाकली. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी हजारो लॅपटॉप घरोघरी पाठवले ते या मोकळिकीवर. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या निर्देशांनी व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे ठेवायला सांगितले. कंपन्यांचे अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळलेले आहे, पण १८० दिवसांचे लॉग (वापराच्या नोंदी) ठेवणे आणि घटना ६ तासांत कळवणे त्यांनाही लागू आहे. गेटवेची स्वतःची साठवण बहुधा इतके लॉग धरत नाही, म्हणून ते वेगळ्या सर्व्हरवर पाठवावे लागतात.

गूगलने २००९ च्या हल्ल्यानंतर बियाँडकॉर्प ही पद्धत घडवली आणि २०१४ पासून ती जाहीरपणे मांडली. नेटवर्कच्या आत आलात म्हणून विश्वास नाही. प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन माणूस आणि यंत्र दोन्ही तपासणार. लॅपटॉपवाल्या कर्मचाऱ्यांसाठी हाच मार्ग अधिक योग्य आहे. ऑफिस ते क्लाउड जोडणीला मात्र आयपीसेकच चालते. अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउड केंद्राशी अशी जोडणी घेतली की दोन वेगळ्या टोकांचे दोन बोगदे मिळतात. अनेक जण एकच उभारून थांबतात, आणि त्या टोकाची देखभाल निघाली की सगळे ऑफिस तुटते.