दात पांढरे करण्यामागची दीडशे वर्षं

लग्नसराई जवळ आली की दादर-पार्ल्याच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो: ‘डॉक्टर, दात पांढरे करून मिळतील का?’ आपल्याकडे ही हौस तशी अलीकडची. एके काळी दातवण लावून दात काळे करणं हेच सवाष्णीचं लेणं होतं. घासायला राखुंडी, कोळसा आणि मशेरी. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. ती दात डागाळते आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ मध्ये बंदी आली, पण घरच्या तव्यावर भाजली जाणारी मशेरी बंदीला कुठली जुमानते!

पाश्चात्त्य दंतवैद्य एकोणिसाव्या शतकात क्लोरीनची संयुगं, ऑक्झॅलिक आम्ल असं काहीबाही वापरून पाहत होते. १८८४ मध्ये हार्लन यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड हे रंग उडवणारं रसायन वापरलं. १९१८ मध्ये अ‍ॅबट यांनी त्याला उष्णता आणि प्रकाशाची जोड दिली. आज दवाखान्यात दातांवर धरतात त्या निळ्या दिव्यांचं मूळ तिथलं. मात्र दिव्यामुळे रंग जास्त काळ टिकतो, असं अभ्यासांतून ठामपणे दिसलेलं नाही.

खरं वळण मिळालं ते योगायोगाने. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लुस्मायर या दंतवैद्यांनी हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णाच्या रिटेनरमध्ये (दात जागेवर राहावेत म्हणून घालायच्या साच्यात) पेरॉक्साइडयुक्त सौम्य जंतुनाशक घालायला दिलं. हिरड्या तर सुधारल्याच, दातही उजळले. १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत शास्त्रीय लेखातून मांडली: दातांच्या मापाचा ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्रभर.

या १० टक्क्यांतून सुटणारं हायड्रोजन पेरॉक्साइड जेमतेम साडेतीन टक्के असतं. दवाखान्यात खुर्चीवर वापरतात ते अनेकदा २५ ते ४० टक्के. म्हणूनच आधी हिरड्यांवर संरक्षक थर बसवतात. नाहीतर त्या भाजून पांढऱ्या पडतात. पेरॉक्साइड एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातून, आत झिरपतं, त्यामुळे काही दिवस दात आंबल्यासारखे होतात, गार पाण्याने कळ येते. बहुतेकांचं हे आपोआप थांबतं. पण दात किडलेला किंवा तडकलेला असेल तर दुखणं वाढतं, आणि ते आधी तपासायचं काम ब्युटी पार्लरचं नव्हे. मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती इथे.

युरोपीय संघाने २०११ मध्ये ०.१ टक्क्यापेक्षा जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत पेरॉक्साइड असलेली उत्पादनं फक्त दंतवैद्यांना विकायची, पहिला वापर त्यांच्याच देखरेखीखाली आणि अठरा वर्षांखालच्यांना नाहीच, असा नियम केला. आपल्याकडे दंतोपचार नोंदणीकृत हातांतच राहावेत, हे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानेच ठरवलं होतं. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून उभं आहे. महागड्या पॅकेजआधी तिथे साधी तपासणी करून घेता येते. पुष्कळदा डाग वरवरचा, चहा-तंबाखूचा निघतो आणि स्केलिंगनेच, म्हणजे दातांवरचा थर खरवडून साफ केल्यानेच, जातो. कॅप आणि फिलिंग मात्र कुठल्याच पेरॉक्साइडने उजळत नाहीत. समोरच्या दाताचं फिलिंग बदलायचं असेल तर ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे थांबून, रंग स्थिरावल्यावरच बदलावं.