प्याद्याचा हत्ती का करायचा?

प्यादे शेवटच्या घरात पोचले की वजीर मागायचा, हे आपण पट मांडायला शिकतो त्याच दिवशी शिकतो. म्हणूनच डावाच्या अखेरीस एखादा ग्रँडमास्टर वजीर सोडून हत्ती किंवा घोडा मागतो, तेव्हा पाहणारा दचकतो. अशा चालीत अर्थ यायचा तर वजीर बलाढ्य हवा, मोहरे निवडायची मोकळीक हवी आणि स्टेलमेट झाली, म्हणजे राजाला शह नाही पण खेळायला चालही उरली नाही, तर डाव बरोबरीत सुटायला हवा. या तिन्ही गोष्टी एका पटावर यायला काही शतके जावी लागली.

अरबी-फारसी शतरंजमध्ये वजीर तिरका एकच घर सरके आणि प्याद्याला बढती मिळे ती त्याच दुबळ्या वजिराची. निवडीचा प्रश्नच नव्हता. 15व्या शतकाच्या अखेरीस युरोपात वजिराला आजची ताकद मिळाली. आपल्याकडच्या देशी डावात प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेत पोचेल त्या मोहऱ्याची बढती, असा रिवाज होता. म्हणजे घोड्याच्या घरात पोचलात तर घोडाच. ब्रिटिश हिंदुस्थानातले खेळाडू मीर सुलतान खान याच देशी पद्धतीत वाढले आणि तरी 1929 मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, याचे मला आजही अप्रूप वाटते. युरोपात काही ठिकाणी तर फक्त मारल्या गेलेल्या मोहऱ्यांतूनच निवड करता येई. 1862 च्या ब्रिटिश नियमावलीने प्यादे शेवटच्या घरात प्यादेच म्हणून ठेवायचीही मुभा दिली होती आणि स्टाइनिट्झसारख्या विश्वविजेत्याने त्या नियमाची बाजू घेतली होती.

स्टेलमेटची कथा तर आणखी वेगळी. इंग्लंडमध्ये जवळपास दोनशे वर्षे स्टेलमेट करणारा खेळाडू हरला असे मानत. 19व्या शतकाच्या सुरुवातीला तिथेही ती बरोबरी ठरली आणि हरत आलेल्याला आयता विजय नाही, पण बरोबरीची पळवाट उरली. त्या पळवाटेवरच पुढची सगळी गंमत उभी आहे.

1875 साली लंडनमध्ये फेंटन आणि पॉटर यांच्यात एक डाव बरोबरीत सुटला. वीस वर्षांनी पॉटर वारले. ग्लासगोच्या ‘वीकली सिटिझन’मध्ये बुद्धिबळाचे सदर चालवणाऱ्या जॉर्ज बार्बिए यांना तो शेवट आठवला, पण पुरता नेमका नाही. त्यांनी थोडी वेगळी मांडणी छापली आणि काळ्याने बरोबरी साधावी असे कोडे घातले. पट साधा आहे, घरी मांडून पाहाच (पांढऱ्याच्या बाजूने पाहता उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून 1 ते 8). पांढरा राजा बी-6 वर, प्यादे सी-7 वर. काळा राजा ए-1 या कोपऱ्यात आणि त्याचा हत्ती डी-5 वर. चाल काळ्याची.

हत्ती डी-6 वर येऊन शह देतो. पांढरा राजा सी रांगेत गेला तर काळा हत्ती डी-1 गाठतो आणि नवा वजीर पुढच्याच शहात गमावला जातो. म्हणून राजा बी-5, बी-4, बी-3 असा एकेक घर उतरतो आणि हत्ती मागोमाग शह देत राहतो. शेवटी राजा सी-2 वर येतो आणि शह संपतात. तेव्हा काळा हत्ती डी-4 वर जाऊन थांबतो. पांढऱ्याने वजीर केला की हत्ती सी-4 वर शह देणार, वजिराला तो मारावा लागणार आणि कोपऱ्यातल्या काळ्या राजाची स्टेलमेट होणार. बार्बिए यांचे उत्तर इथे संपत होते.

ग्लासगोत राहणारे स्पॅनिश पाद्री फर्नांडो सावेद्रा यांनी ते वाचले आणि विचारले की वजीरच का? प्याद्याचा हत्ती करा. आता सी-4 चा शह निरुपयोगी, कारण हत्तीने मारल्यावर ए-2 हे घर काळ्या राजाला मोकळे राहते. शिवाय पांढरा हत्ती ए-8 वर जाऊन मात करायची धमकी देतो. ती अडवायला काळ्याला हत्ती ए-4 वर न्यावाच लागतो. मग पांढरा राजा बी-3 वर सरकतो. एकाच चालीत हत्तीवर हल्ला आणि सी-1 वर मातेची धमकी! दोन्ही वाचवणे अशक्य. मे 1895 मध्ये हे छापून आले. सावेद्रा काही नामांकित खेळाडू नव्हते, या एका चालीने त्यांचे नाव टिकले. पटावर चारच मोहरी आणि एवढे नाट्य, इतके देखणे काही मी बुद्धिबळात क्वचितच पाहिले आहे.

घोड्याची बढती त्यामानाने रोजच्या वापरातली. काळा राजा सी-1, प्यादे बी-2, पांढरा राजा सी-3, हत्ती एच-2, चाल काळ्याची. वजीर केला तर हत्ती एच-1 वर येऊन तत्काळ मात. घोडा केला तर उलट पांढऱ्या राजालाच शह बसतो आणि पुढे घोडा राजाच्या जवळ ठेवला की बरोबरी हाती लागते. हत्तीविरुद्ध घोड्याच्या या झुंजीचा अभ्यास 9व्या शतकात शतरंजचा अरबी जाणकार अल-आदलीने केला होता. राजा, हत्ती आणि घोडा यांच्या चाली तेव्हापासून बदललेल्या नाहीत, त्यामुळे ते विश्लेषण आजच्या ग्रँडमास्टरलाही उपयोगी पडते.

उंटाची वेळ सर्वात दुर्मीळ. 1972 मध्ये लेनिनग्राडला रेश्को विरुद्ध कामिन्स्की या डावात पांढऱ्याने ए-8 वर उंट घेतला, कारण वजीर किंवा हत्ती घेतला असता तर स्टेलमेट होती.

कधी धक्का नको तिथेही बसतो. 2017 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या जलद डावात, निकोले नोरित्सिन यांनी ग्रँडमास्टर बातोर साम्बुएव यांच्याविरुद्ध प्यादे शेवटच्या घरात नेले आणि वजीर म्हणून उलटा हत्ती ठेवला. घड्याळ पळत होते. पंचांनी तो हत्तीच धरला, नोरित्सिन डाव हरले आणि अजिंक्यपद साम्बुएव यांच्याकडे गेले.