सशाची मान एका बाजूला कलते तेव्हा

सशाची मान अचानक वाकडी झाली, तो तोल जाऊन एका कुशीवर पडू लागला, की घरच्यांना पहिली शंका येते ती अर्धांगवायूची, नाहीतर मान मोडल्याची. बहुतेक वेळा यातलं काहीच झालेलं नसतं. मानेची हाडं आणि स्नायू जागच्या जागी असतात. बिघडलेली असते ती डोकं सरळ आहे की कललेलं, हे मेंदूला कळवणारी यंत्रणा.

वाकडी मान सशाचा जीव सहसा घेत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. ससा दगावतो तो खाणं थांबून आतडी बंद पडल्यामुळे, घाबरून लोळताना झालेल्या इजेमुळे, किंवा ‘आता काही उपयोग नाही’ असं ठरवून दुसऱ्याच दिवशी दिलेल्या इंजेक्शनमुळे. औषधं लागतातच, पण पहिले दोन-तीन आठवडे तो तगतो तो शुश्रूषेवर.

तोल कसा जातो

आंतरकर्णात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोलाचं इंद्रिय असतं. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्याशा पिशव्या असतात. नलिका डोकं वळल्याचं टिपतात. पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्या वजनावरून खाली कुठे हे कळतं. ससा अगदी स्वस्थ बसलेला असला तरी दोन्ही कानांकडून मेंदूकडे संदेश चालूच असतात. ते सारखे असले की मेंदू समजतो, डोकं स्थिर आहे. उजवी बाजू मंदावली की डावीकडचे संदेश वरचढ ठरतात आणि डोकं डावीकडे वळतंय असा मेंदूचा समज होतो. परिणामी शरीराचे स्नायू असमान ताणले जातात आणि ससा उजवीकडे कलतो, पडतो, कधीकधी गडाबडा लोळतो. म्हणजे मान साधारणपणे बिघडलेल्या बाजूलाच वळते. लहान मेंदूत बिघाड असेल तर मात्र नेमकं उलटही होऊ शकतं.

याच गोंधळामुळे डोळे एका दिशेला हळू सरकतात आणि झटक्याने परत येतात. हे सरकणं आडवं किंवा गोलाकार असेल तर दोष कानातही असू शकतो, मेंदूतही. वर-खाली असेल तर संशय मेंदूवर अधिक. डॉक्टरांकडे जाण्याआधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून ठेवावं, कारण तपासणीच्या टेबलावर घाबरलेला ससा नेमकं हेच दाखवत नाही.

कान की मेंदू

मुख्य संशयित दोन. पहिला म्हणजे मध्यकर्ण आणि आंतरकर्णाचा जंतुसंसर्ग. पाश्चुरेला, स्टॅफिलोकोकस, बोर्डेटेला, स्यूडोमोनास असे जिवाणू नाकाच्या मागच्या नळीतून किंवा बाहेरच्या कानातून आत पोचतात. लोंबत्या कानांच्या सशांमध्ये कानाची नळी दुमडलेली असते, मळ बाहेर पडत नाही, म्हणून त्यांना हा त्रास अधिक. चेहऱ्याची नस मध्यकर्णाला खेटून जाते. त्यामुळे मानेबरोबरच एका बाजूचा ओठ ओघळलेला दिसला, एक डोळा नीट मिटत नसला, तर कानाकडे बोट जातं. कानात जाड, थरांची तपकिरी खपली असेल तर ती सोरोप्टिस जातीच्या किडीची. ती खरवडून काढायची नाही. खाली त्वचा सोललेली असते. सेलामेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन लागू पडलं की खपली आपोआप सुटते.

दुसरा संशयित एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली. बुरशीच्या कुळाशी नातं असलेला हा एकपेशीय परजीवी १९२२ साली सशांमध्येच पहिल्यांदा आढळला. बाधित सशाच्या लघवीतून त्याचे बीजाणू बाहेर पडतात, अन्नापाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. आईकडून पिल्लांनाही तो मिळतो. मूत्रपिंड, मेंदू आणि डोळ्याचं भिंग ही त्याची आवडती ठिकाणं. मान वाकडी होण्याबरोबर मागचे पाय लटपटणं, लघवी गळत राहणं, डोळ्यात पांढरा ठिपका दिसणं यांपैकी काही असेल तर याचा विचार आधी होतो.

रक्ततपासणीची गंमत इथे आहे. वरवर धडधाकट असलेल्या कितीतरी सशांच्या रक्तातही या परजीवीविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. त्यामुळे अहवाल पॉझिटिव्ह आला तरी मान त्यामुळेच वाकडी झाली असं ठरत नाही. निगेटिव्ह अहवालाचा उपयोग जास्त: हा परजीवी जवळजवळ बाद करता येतो. कानामागच्या हाडाच्या पोकळीत पू आहे का, हे सीटी स्कॅनवर स्पष्ट दिसतं. साध्या एक्स-रेवर ते निसटू शकतं. सीटीची सोय नसेल तर अनेक डॉक्टर दोन्ही कारणांवर एकदमच उपचार सुरू करतात, आणि ते योग्यच आहे. याखेरीज डोक्याला मार, गाठ, गळू ही कारणं कमी आढळतात, पण विचारात ठेवावी लागतात.

औषधं: काय द्यायचं, काय टाळायचं

परजीवीवर फेनबेंडाझोल देतात. नेहमीचं प्रमाण दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, सलग २८ दिवस. २ किलोच्या सशाला ४० मिलिग्रॅम. बाटलीवर १० टक्के लिहिलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे मात्रा ०.४ मिलिलिटर. तीच बाटली २.५ टक्क्यांची असेल तर १.६ मिलिलिटर. चुका होतात त्या इथेच. आकडा डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावा आणि नवी बाटली आणली की टक्केवारी पुन्हा वाचावी. जास्त मात्रेने किंवा फार दिवस दिल्याने अस्थिमज्जेचं काम मंदावू शकतं, म्हणून मधे एकदा रक्तपेशींची मोजणी करून घेतलेली बरी.

हे औषध परजीवीची वाढ रोखते. मेंदूत आधीच झालेली सूज आणि मेलेल्या चेतापेशी यांच्यावर त्याची मात्रा चालत नाही. म्हणून चौथ्या दिवशी फरक दिसत नाही याचा अर्थ औषध फसलं असा नाही, आणि दहाव्या दिवशी ससा उड्या मारू लागला म्हणून ते बंदही करायचं नाही.

कानाच्या संसर्गात एन्रोफ्लॉक्सॅसिन, ट्रायमेथोप्रिम-सल्फा, अझिथ्रोमायसिन यांसारखी प्रतिजैविकं कित्येक आठवडे द्यावी लागतात. सशाचा पू माणसासारखा पातळ नसतो. टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आपणहून वाहून जात नाही आणि औषधही त्यात नीट शिरत नाही. काही सशांना म्हणूनच शस्त्रक्रिया करून ती हाडाची पोकळी उघडावी लागते.

घरातलं अमॉक्सिसिलिन मात्र चुकूनही तोंडावाटे देऊ नये. अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिनही नाही. सशाच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतले उपयोगी जिवाणू त्यांनी मरतात, विष तयार करणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि ससा काही दिवसांत जातो. कुत्र्यामांजरांच्या पिसवांवरचं फिप्रोनिलही सशाला विषारी. कानाचा पडदा शाबूत आहे हे पाहिल्याशिवाय कानात थेंब घालू नयेत. जेंटामायसिनसारखी औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर तोलाचं इंद्रिय आणखी दुखावतं. स्टिरॉइडबद्दल डॉक्टरांमध्येच दुमत आहे. सशाची प्रतिकारशक्ती त्याने पटकन खाली येते, तेव्हा ते आपल्या मनाने तर नाहीच.

सशाला उलटी करता येत नाही, पण घेरी आली की तो खाणं सोडतो. मेक्लिझिनसारखं गाडी लागण्यावरचं औषध डॉक्टर याचसाठी देतात. वेदना असेल तर मेलॉक्सिकॅम, लोळणं थांबतच नसेल तर मिडाझोलॅम.

पहिले काही दिवस

मोठा पिंजरा, जिना, फळ्या, सगळं बाजूला. ससा जेमतेम वळेल एवढीच जागा करावी आणि चारही बाजूंनी टॉवेलच्या घट्ट वळकट्या लावाव्यात, म्हणजे कुशीला आधार मिळतो आणि लोळायला वाव राहत नाही. कोपरे मऊ हवेत. तळाला लघवी शोषणारं कापड, त्यावर न घसरणारं लोकरी फ्लीस. गुळगुळीत फरशी सर्वांत वाईट. खोली शांत हवी, पण काळोखी नको: कानाने दगा दिल्यावर सशाला तोल सावरायला डोळ्यांचाच आधार उरतो.

उचलणं शक्य तितकं टाळावं. पाय जमिनीवरून सुटले की उरलासुरला अंदाजही जातो आणि तो जिवाच्या आकांताने मागचे पाय झाडतो. त्या झटक्याने सशाचा कणा मोडल्याची उदाहरणं आहेत. उचलावंच लागलं तर आधी आवाज द्यावा, वर असलेल्या डोळ्याच्या बाजूने जवळ जावं, एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून त्याला आपल्या अंगाशी घट्ट धरावं. खाली ठेवल्यावर चारही पाय टेकून तो स्थिरावेपर्यंत हात काढू नये.

खाणं हाच खरा उपचार

सशाची आतडी सतत चालती राहावी लागतात. १०-१२ तास खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ समजावी. अंगाचं तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असायला हवं. ३८ च्या खाली गेलं तर आधी ऊब आणि डॉक्टर, भरवणं नंतर.

अनेक ससे मान वाकडी असूनही खातात, फक्त त्यांना अन्नापर्यंत पोचता येत नाही. वाळलेलं गवत तोंडाशी, दोन्ही बाजूंना ढीग करून ठेवावं. कोथिंबीर, पुदिना हाताने भरवावा; पाला ओला ठेवला की पाणीही पोटात जातं. पाण्याच्या बाटलीची नळी अशा सशाला सापडत नाही, त्यासाठी उथळ, जड वाटी बरी.

स्वतः खात नसेल तर सिरिंजने भरवावं लागतं. आधी पोट चाचपून पाहावं. ते ढोलासारखं ताठ फुगलेलं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. तेव्हा बळेच भरवलं तर जिवावर बेतेल. पोट मऊ असेल तर आजारी सशांसाठी मिळणारी तंतुमय पूड कोमट पाण्यात कालवावी, किंवा नेहमीच्या पेलेट्स भिजवून बारीक वाटाव्यात. दिवसाला दर किलोमागे साधारण ५० मिलिलिटर. २ किलोच्या सशाला १०० मिलिलिटर, चार-पाच वेळांत विभागून. तंतूंमुळे सिरिंजचं तोंड सारखं तुंबतं. १ मिलिलिटरच्या सिरिंजचं टोक कापून कडा घासून गुळगुळीत केली की काम सोपं होतं.

सशाला टॉवेलमध्ये गुंडाळून पोटावर बसवावं, कधीही उताणं धरू नये. मान सरळ करायचा प्रयत्न नको. आहे त्या कोनात हनुवटीला नुसता आधार द्यावा. पुढच्या दातांमागे दाढांपर्यंत मोकळी जागा असते, तिथे गालाच्या बाजूने सिरिंज सरकवून एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर सोडावं आणि चावून गिळेपर्यंत थांबावं. घाई केली की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. नाकातून अन्न आलं किंवा श्वास घरघरला तर लगेच थांबायचं. लोळण्याचा झटका चालू असताना तर भरवायचंच नाही. रोज एकाच वेळी वजन करून लिहून ठेवावं. काट्यावरचा आकडा आपल्या अंदाजापेक्षा आधी बोलतो.

खालचा डोळा आणि मागची बाजू

जमिनीकडे असलेला डोळा कापडावर घासतो, त्यात गवताची काडी जाते. नस दुखावलेली असेल तर तो मिटतही नाही. दिवसातून तीन-चार वेळा डोळ्यात वंगणाचं साधं मलम घालावं, स्टिरॉइड नसलेलं. डोळा निळसर-धुरकट दिसला, पाणी गळू लागलं, तर बुबुळावर जखम आहे का हे डॉक्टर हिरव्या रंगद्रव्याने तपासतात.

ससा आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. मान वाकडी झाली की ते जमत नाही. लेंड्या केसांना चिकटतात, लघवीने कातडी सोलवटते आणि माश्या तिथे अंडी घालतात. सकाळ-संध्याकाळ मागची बाजू पाहावी, ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडी करावी. अख्ख्या सशाला आंघोळ घालू नये. पडलेल्या मऊ लेंड्या तोंडाशी धरल्या तर पुष्कळ ससे त्या खातात.

पुढे काय

लोळणं आणि डोळ्यांचं सरकणं बहुधा काही दिवसांत ओसरतं. मान मात्र आठवडे, कधी महिने घेते. मेंदू उरलेल्या संदेशांवर नव्याने हिशेब बसवतो आणि त्यासाठी त्याला हालचाल लागते. म्हणून ससा उभा राहू लागला की जागा रोज थोडी वाढवावी, न घसरणाऱ्या चटईवर चालू द्यावं, आवडता पाला कललेल्या बाजूच्या विरुद्ध धरून त्याला स्वतःहून मान वळवायला लावावी. हाताने मान ओढून सरळ करणं हा व्यायाम नाही.

थोडा कल कायम राहिला तरी ससा खातो, धावतो, जोडीदाराबरोबर राहतो. जोडीदार अंगावर उड्या मारत नसेल तर त्याला वेगळंही करू नये. परजीवीचा संपर्क व्हायचा तो एव्हाना होऊन गेलेला असतो. उपचार आणि नीट शुश्रूषा होऊनही लोळणं थांबत नसेल, ससा खात नसेल, वजन उतरतच असेल, तर सुटकेचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. पहिल्या आठवड्यात सहसा नाही.

या परजीवीचा माणसाला धोका असतो तो मुख्यतः प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना, उदाहरणार्थ अवयव प्रत्यारोपण झालेल्यांना. त्यांनी लघवीच्या साफसफाईचं काम दुसऱ्यावर सोपवावं. बाकीच्यांना हातमोजे आणि साबण पुरे. बीजाणू कोरड्या जागीही काही आठवडे तग धरतात, पण उकळत्या पाण्याने किंवा ब्लीचच्या सौम्य द्रावणाने मरतात. ब्लीच वापरण्याआधी लघवी साध्या पाण्याने धुऊन काढावी, नाहीतर तिच्यातल्या अमोनियाशी मिसळून घातक वाफा निघतात. आणि जागा पूर्ण वाळेपर्यंत ससा दुसऱ्या खोलीत ठेवावा.