फेन्सचे सूक्ष्म समायोजन (छोट्या टेबल सॉवरील)

उचलून नेता येणाऱ्या छोट्या टेबल सॉवर (मेजाच्या फटीतून वर आलेल्या गोल करवतीच्या यंत्रावर) लाकूड ज्या सरकत्या पट्टीला टेकवून ब्लेडकडे रेटतात, त्या फेन्सची जागा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतराने बदलून ती तेथेच पक्की करण्याची क्रिया. सुतारकामातील सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग (सु. ३.१८ मिमी.), या कामाला फार मोठे पडते. १९ मिमी. प्लायवर १ मिमी. जाडीचा सनमायका चढवल्यावर तो खाचेत ना ढिला, ना ठोकून बसेल, असा कापण्यासाठी सुताराला पाव सुताच्याही खाली उतरावे लागते.

गोल करवतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलर यांच्या १७७७ च्या इंग्लिश पेटंटात तिचा उल्लेख येतो, पण तो इतका ओझरता आहे की ती त्याआधीपासून वापरात असावी, असे अनुमान बहुतेक अभ्यासक काढतात. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट यांनी १८१३ च्या सुमारास ती शोधल्याची कथा लोकप्रिय आहे; तथापि मिलर यांचे पेटंट पाहता ते श्रेय फार तर स्वतंत्र शोधाचे ठरेल. फेन्सच्या दृष्टीने सॅम्युएल बेंथॅम यांचे १७९३ चे पेटंट अधिक महत्त्वाचे मानणे योग्य. फटीतून वर आलेले पाते आणि त्याला समांतर सरकणारा मार्गदर्शक ही मांडणी सामान्यतः त्याच्याकडे नेली जाते. केवळ पुढच्या टोकाला आवळली जाणारी टी-आकाराची बीसमायर फेन्स अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीची आहे. छोट्या यंत्रांवर दातेरी पट्टी व दातेरी चाकांची फेन्स एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून रूढ होत गेली.

या दातेरी रचनेत पुढील व मागील चाके एकाच दांड्यावर असल्याने, मूठ फिरवली की फेन्सची दोन्ही टोके बरोबरीने सरकतात. दात्यांमधील सैलपणामुळे मूठ उलट फिरवताना प्रथम थोडी फुकट फिरते; म्हणून अपेक्षित मापाच्या थोडे पलीकडे जाऊन, नेहमी एकाच दिशेने मापावर येण्याची पद्धत आहे. आवळणीची खिट्टी दाबतानाही फेन्स किंचित सरकू शकते. म्हणून माप खिट्टी दाबल्यानंतरच घ्यावे आणि यंत्रावरील मोजपट्टीपेक्षा टाकाऊ तुकडा कापून व्हर्नियर कॅलिपरवर विश्वास ठेवावा. मोजपट्टीचे शून्य ब्लेड बदलले की हलते, कारण ब्लेडचा पत्रा आतल्या चकतीला टेकून बसतो आणि पत्र्याची जाडी व दातांचा फुगवटा बदलला की फेन्सकडील कापाची कड सरकते.

ज्या फेन्सला मूठ नसते, तिच्यासाठी फेन्सच्या रुळावर क्लॅम्पने आवळलेला ठोकळा व त्यातून जाऊन फेन्सला टेकणारा बोल्ट ही युक्ती सर्वांत भरवशाची. साध्या एम-६ बोल्टच्या आट्यांचे अंतर १ मिमी. असते, पाव फेरा दिला की फेन्स ०.२५ मिमी. सरकते. याहून बारीक फरक हवा असल्यास बोल्ट व फेन्स यांच्यामध्ये छपाईचा कागद सरकवतात. नेहमीच्या ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागदाची जाडी सु. ०.१ मिमी. भरते. बोटाच्या पेराने टिचक्या मारून फेन्स हलवण्याची सवय सर्वत्र दिसते, पण तिने मिळालेले माप पुन्हा तसेच मिळवता येत नाही.

हे सारे फेन्स ब्लेडला समांतर असेल तरच सार्थ. यंत्राची वायर सॉकेटमधून काढून ब्लेडच्या एकाच दातावर खूण करावी आणि तो दात आधी पुढे, मग मागे फिरवून मेजावरील खाचेपासून दोन्ही जागी अंतर मोजावे. ब्लेड खाचेला समांतर झाल्यावर फेन्स त्याच खाचेला जुळवावी. मागचे टोक सु. ०.१ मिमी. बाहेर ठेवावे, असा एक पक्ष आहे. दुसरा काटेकोर समांतरतेचा. फेन्सच्या दोन्ही बाजूंनी काप घ्यायचे असल्यास दुसरा पक्षच सोयीचा. मागचे टोक आत झुकलेले मात्र कोणालाच मान्य नाही, कारण मग लाकूड मागच्या दातांवर दाबले जाऊन कड करपते किंवा तुकडा उसळून कारागिराच्या अंगावर येतो. चीर उघडी ठेवणारे मागचे पाते अशा वेळी उपयोगी पडते. ते सोयीसाठी काढून ठेवणे धोक्याचे.

बडोद्यात दांडिया बाजार व रावपुरा भागांतील घरांच्या अंतर्गत कामात मिस्त्री फर्निचर जागेवरच कापतात, तेथे हे यंत्र सोयीचे पडते. बोल्टचा ठोकळा नीट काटकोनात करून हवा असल्यास तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत करवून घेता येतो. जवळच्या संखेड्याचे लाखेचे सागवानी फर्निचर मुख्यतः लेथवर घडते, त्यामुळे त्याच्याशी या नोंदीचा संबंध थोडाच. पावसाळ्यात फेन्सला जोडलेली लाकडी फळी फुगून वाकते. ती दर वेळी सरळ पट्टी लावून तपासावी. दातेरी पट्टीत साचलेला भुसा सुक्या ब्रशने काढावा. तेल लावल्यास त्यावर भुसा चिकटून मूठ जड होते.