दगडू, पायगोंडा, नकुशी : सातारा-सांगलीकडच्या नावांमागे काय आहे

माण, खटाव, जत, कवठेमहांकाळ या भागातली मतदार यादी किंवा जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर चाळताना नजर काही नावांपाशी अडखळते. दगडू, केरू, धोंडाबाई, फकिरा, बिराप्पा, आदगोंडा, आप्पासो. शहरात शिकायला गेलेली नातवंडे आजोबांचे नाव सांगताना चाचरतात. खरे तर चाचरण्यासारखे त्यात काही नाही. आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात ते नाव सांगितले, तेव्हा त्या घराने काहीतरी सोसलेले होते किंवा देवाजवळ काहीतरी मागितलेले होते.

सोसण्याची बाजू आधी घेऊ. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे जन्मलेल्या दर चार-पाच मुलांतले एक वर्षाच्या आत दगावत असे. देवी आणि पटकी (कॉलरा) यांच्या साथी होत्याच. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग थोड्याच काळात सातारा जिल्ह्यात पसरला, आणि १९१८ मध्ये मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे बसवली. ज्या बाईची दोन-तीन मुले पाठोपाठ गेली, तिच्या पुढच्या मुलाला गोविंद-गोपाळ म्हणायची घरात कुणाची छाती होत नसे. गोड नाव ठेवले की नजर लागते, सटवाईचे लक्ष जाते. मग दगडू, धोंडू ठेवायचे. दगडाला कोण नेतो? काही ठिकाणी तर बाळ सुपात घालून उकिरड्यावर ठेवत. शेजारीण ते उचलून आणी आणि आई पसाभर धान्य देऊन तिच्याकडून ते विकत घेई. मूल आता आपले राहिले नाही, केरात सापडले, अशी काळाची समजूत घालायची. त्यातून केरू, केराबाई, कचरू ही नावे आली. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवले तर नथू. दारोदार मागून आणल्यासारखे मानले तर भिकू, भिकाजी. कानाला ही नावे ओबडधोबड लागतात, पण यांच्याइतक्या मायेने ठेवलेली नावे मराठीत दुसरी नसतील.

नवसाची नावे वाचायची तर नकाशा समोर ठेवावा. आरेवाडीच्या बिरोबाच्या मुलखात बिरा, बिरू, बिराप्पा. म्हसवड आणि खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या परिसरात सिद्धू, नाथा. पालीच्या खंडोबाकडे खंडू, मल्हारी. शिखर शिंगणापूरच्या भोवती शंभू. नवस फक्त हिंदू देवांनाच बोलला जाई असेही नाही. शहाजीराजांच्या आई फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या लेक. मूल होत नव्हते म्हणून अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, आणि झालेल्या दोन मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. मराठा घरांत पिराजी, फकिरा ही नावे पुढेही सहज रुळली ती याच वाटेने.

यशवंत हे नाव आज अगदी साधे वाटते. पण यशवंतराव चव्हाणांनी आपल्या आत्मचरित्रात त्याची जी कथा सांगितली आहे ती इथे आठवते. १९१३ साली देवराष्ट्रे या आजोळी त्यांचा जन्म झाला. बाळंतपण अवघड गेले, आईच्या जिवावर बेतले. आजीने सागरोबाला साकडे घातले, माझ्या लेकीला यश दे, तुझी आठवण म्हणून बाळाचे नाव यशवंत ठेवीन. तेव्हा देवराष्ट्रे सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या दोन जिल्ह्यांची नावे वेगवेगळी वाचताच येत नाहीत.

दक्षिणेकडे गेले की कानडी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांचे पूर्ण नाव भाऊराव पायगोंडा पाटील. हा ‘गोंडा’ म्हणजे कानडीतला गौडा, गावचा पाटील; सांगली-कोल्हापुरच्या जैन आणि लिंगायत घरांत बाळगोंडा, आदगोंडा, जिनगोंडा अशा नावांतून तो अजून टिकून आहे. आप्पासो, बाळासो, भाऊसो यांतला ‘सो’ मात्र साहेबाचा.

नकुशी या नावाला मी वरच्या ओळीत बसवणार नाही. नकुसा, नकोशी, नकुशी. एकापाठोपाठ मुली झाल्या की शेवटचीला हे नाव द्यायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो, असा समज. दगडू म्हणताना आई मुलाला लपवत होती. इथे पोरीला तोंडावर सांगितले जाते की तू नको होतीस, आणि ते वर्गात हजेरीला रोज पुकारले जाते. सोनोग्राफी आली तशी पोरीला नाव मिळण्याचीही वेळ येईना. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे ९१३ मुली असताना साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ निघाल्या. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये पुरलेले १९ भ्रूण सापडले ते तर मार्च २०१७ मध्ये.

साताऱ्यात जिल्हा परिषदेने अशा नावाच्या मुली शोधून काढल्या आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी कार्यक्रम घेऊन २८५ जणींना नव्या नावांचे दाखले दिले. नाव मुलींनीच निवडायचे होते. कुणी ऐश्वर्या घेतले, कुणी वैशाली. ज्या नकुशी तोवर सासरी जाऊन आया झाल्या होत्या, त्यांच्यापर्यंत हे काम पोचायला हवे होते. त्यांना नाव बदलायचे तर अर्ज, फी, राजपत्रातली जाहिरात आणि मग रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंतच्या दुरुस्त्या, असे सगळे हेलपाटे आपल्या आपण घालावे लागतात.