इन्सुलिनचं थायमसमध्ये काय काम?

मिरामारला सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा आमचा आठ-दहा जणांचा गट आहे. फिरून झालं की सावलीत उभं राहून थोडा व्यायाम होतो. गेल्या पंधरवड्यात त्यात एक नवा प्रकार शिरला. दोन बोटांनी छातीच्या मधल्या हाडावर टकटक करायची, वीस वेळा. गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मोबाईल पुढे केला. व्हिडिओतले गृहस्थ सांगत होते की असं केल्याने थायमस ग्रंथी जागी होते, टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, वाढतात आणि कॅन्सर जवळ येत नाही. बाईंनी मला विचारलं, "भाई, तुम्ही विज्ञान शिकवलंय. खरं ना हे?"

थायमस त्या हाडामागेच असतो, एवढं खरं. बाकी सगळं खोटं. हाडावर बोटं आपटून पेशी तयार होत नाहीत. आमच्या वयात तर त्या जागी बहुतेक चरबीच उरलेली असते. पण थायमस प्रत्यक्षात जे करतो ते त्या व्हिडिओपेक्षा कितीतरी विलक्षण आहे, आणि कॅन्सरवरच्या इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या उपचारांचा, अर्थ त्याच्याशिवाय लागत नाही.

तान्ह्या मुलाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये कधी कधी हृदयाच्या बाजूला होडीच्या शिडासारखा त्रिकोण दिसतो. तो थायमस. १९६१ पर्यंत या अवयवाला काही काम नाही, असाच समज होता. त्या वर्षी लंडनमध्ये उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे थायमस काढले. पिल्लं सुरुवातीला वाढली, मग खंगून संसर्गांनी मरू लागली. त्यांच्या अंगावर परक्या उंदराची कातडी लावली तरी ती गळून पडेना; शरीराला परकं ओळखताच येत नव्हतं. टी-पेशीतला 'टी' हा थायमसचाच.

टी-पेशीचे पूर्वज हाडांच्या मगजात जन्मतात आणि कोरे असतानाच थायमसमध्ये येतात. तिथे प्रत्येकीला रिसेप्टर, म्हणजे तिचं एकमेव बोट, मिळतं. ते घडवताना व्ही, डी आणि जे नावाचे जनुकांचे तुकडे कापून अक्षरशः नशिबावर जोडले जातात. कुठला जंतू येणार आहे हे पाहून हे होत नाही. म्हणून कुठलं बोट डेंगीच्या विषाणूला धरणारं निघतं, कुठलं अजून न जन्मलेल्या विषाणूला, आणि कुठलं आपल्याच हृदयाच्या स्नायूला.

मग दोन परीक्षा. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे बारीक तुकडे एमएचसी नावाच्या तबकात ठेवून बाहेर मांडते. पहिली परीक्षा हे तबक मुळात धरता येतं का याची. ज्यांना येत नाही त्या पेशी काही दिवसांत आपोआप मरतात. दुसरी परीक्षा उलटी आहे. तबकातला आपलाच तुकडा जी फार घट्ट धरते, तिला आत्मनाशाचा आदेश मिळतो. शंभर पेशी आत गेल्या तर बाहेर पडतात जेमतेम दोन ते पाच. पकड मधल्यामध्ये असलेल्या काही पेशींना मारण्याऐवजी इतर टी-पेशींना आवरणारे राखणदार बनवलं जातं; २०२५चं वैद्यकाचं नोबेल त्या राखणदारांच्या शोधाला मिळालं.

इथे मी वर्गात नेहमी थांबायचो. इन्सुलिन बनतं स्वादुपिंडात. कातडीच्या रंगाची प्रथिनं बनतात कातडीत. थायमस तर छातीत. मग टी-पेशी इन्सुलिनला पकडते का, हे थायमसमध्ये तपासायचं कसं?

उत्तर २००२ मध्ये बॉस्टनहून आलं. डायेन मॅथिस आणि क्रिस्तोफ बेनुआ यांच्या प्रयोगशाळेत मार्क अँडरसन यांनी दाखवलं की थायमसच्या गाभ्यातल्या काही पेशी स्वतःच इन्सुलिन बनवतात! थायरॉइडची, डोळ्याच्या पडद्याची, यकृताची प्रथिनंही बनवतात, ज्यांचा त्यांच्या कामाशी काडीचाही संबंध नाही. हे घडवून आणणाऱ्या जनुकाचं नाव आयर. यातली एकच पेशी सगळं दाखवत नाही. प्रत्येकीकडे थोडाच माल असतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एकीपुढे मयड्याची केळी, दुसरीपुढे आगशीची वांगी, तिसरीपुढे हरमलची मिरची, आणि सगळा बाजार फिरलं की अर्धा गोवा पाहून होतो, तसं. टी-पेशी चार-पाच दिवस या बाजारात फिरत राहते. २०२२ मध्ये मॅथिस यांच्याच गटाने दाखवलं की तिथल्या काही पेशी तर स्नायूंचं किंवा आतड्याच्या पेशींचं जवळजवळ पूर्ण रूपच घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली थायमसमध्ये स्नायूंसारख्या पेशी पूर्वीपासून दिसायच्या; त्या तिथे कशाला, ते आता कळलं.

आयर हे एक जनुक बिघडलेल्या मुलांमध्ये त्यांच्याच टी-पेशी पॅराथायरॉइड आणि अॅड्रिनल ग्रंथी पोखरतात.

आता कॅन्सर. गाठ परकी नसते, ती आपल्याच पेशींची असते. म्हणजे तिला सर्वांत घट्ट पकडू शकल्या असत्या त्या टी-पेशी थायमसने लहानपणीच निवडून काढलेल्या असतात. उरतात त्या पकड सैल असलेल्या, आणि कॅन्सरमध्ये जनुकं बिघडून जी नवीच प्रथिनं तयार होतात, जी थायमसने कधी दाखवलीच नव्हती, त्यांना ओळखणाऱ्या. त्या गाठीपर्यंत पोचतात, पण गाठ त्यांचे ब्रेक दाबून धरते. सीटीएलए-४ आणि पीडी-१ हे ते ब्रेक. ते सोडवण्याच्या कामासाठी जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

'कॅन्सरवर रामबाण' असे मथळे मला म्हणूनच खटकतात. ब्रेक सोडवणारं हे औषध नवी टी-पेशी घडवत नाही; असलेली मोकळी करते. जनुकांत खूप बिघाड असलेल्या कॅन्सरवर, उदाहरणार्थ धूम्रपानाने झालेल्या फुप्फुसाच्या किंवा उन्हाने झालेल्या मेलॅनोमा या कातडीच्या कॅन्सरवर, त्याचा परिणाम जास्त दिसतो. किंमत सामान्य घराला न झेपणारी. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम मला फार मोलाचं वाटतं. डोके-मानेच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये त्यांनी पीडी-१चा ब्रेक सोडवणाऱ्या निवोलुमॅब या औषधाचा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी डोस, दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम, स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दिला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

थायमसमधली परीक्षाच काही दिवस बंद ठेवली तर? अँडरसन यांनी पुढे सॅन फ्रान्सिस्कोत हेच केलं. रँक-एल नावाच्या रेणूवर त्या गाभ्यातल्या पेशी जगतात. हाच रेणू हाडं झिजवण्याच्या कामातही असतो, त्यामुळे त्याला अडवणारं औषध हाडं ठिसूळ झालेल्यांना आजही दिलं जातं. २०१४ मध्ये छापलेल्या प्रयोगात उंदरांमधला तो रेणू काही काळ अडवला. बाजार उठला. कातडीच्या रंगाचं प्रथिन पकडणाऱ्या टी-पेशी निसटून बाहेर आल्या आणि मेलॅनोमाशी जास्त जोराने भिडल्या. उंदरांमधलं हे काम आहे, आणि निसटलेली पेशी गाठीवरच थांबेल याची हमी नाही.

माणसांत त्याची खूण डोळ्यांनी दिसते. मेलॅनोमावर इम्युनोथेरपी घेणाऱ्या काहींच्या अंगावर कोडाचे पांढरे डाग उठतात, कारण तीच टी-पेशी निरोगी रंगपेशींनाही मारते. असे डाग उठलेल्या रुग्णांमध्ये औषध अनेकदा चांगलं लागू पडलेलं दिसतं. ज्या डागांमुळे आपल्याकडे मुलींची लग्नं मोडतात आणि पूर्वजन्मीची पापं काढली जातात, ते टी-पेशीचं काम आहे, दुसरं काही नाही.

आणि थायमसलाच गाठ झाली असेल, तर तिथे आयर बहुतेक गप्प असतो आणि परीक्षा न दिलेल्या पेशी बाहेर पडतात. अशा रुग्णाचे ब्रेक सोडले तर त्या स्नायूंवर आणि हृदयावर तुटून पडण्याचा धोका बराच वाढतो. डॉक्टर तिथे फार जपून पाऊल टाकतात.

बाईंना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांच्या दिरांना असंच इंजेक्शन सुरू झालंय, हे त्या जाता जाता बोलल्या, तेव्हा फक्त एक सांगितलं. त्यांना जुलाब लागले, दम लागू लागला किंवा पापण्या जड होऊन मिटू लागल्या, तर उष्णता झाली म्हणून पेज-लोणच्यावर दोन दिवस काढू नका. त्याच दिवशी त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा आणि कुठलं इंजेक्शन चालू आहे ते आधी सांगा. वेळेत कळलं तर स्टेरॉइड देऊन टी-पेशींना बहुतेकदा आवरता येतं.